मुलीच्या फायलीतला कागद

प्रति,
मा. प्राचार्या,
परिचारिका प्रशिक्षण केंद्र,
पुणे.

अर्जदार : कुंडलिक बहिरू गुंजाळ, वय ५८ वर्षे, धंदा शेती, रा. राजुरी, ता. जुन्नर, जि. पुणे.

विषय : कै. कु. अश्विनी कुंडलिक गुंजाळ (सन १९९६ ची तुकडी) हिच्या फायलीतील अर्जदाराचा कागद परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २ सप्टेंबर १९९६ चा अर्ज.
२) आपल्या कार्यालयातील लिपिकांनी दि. २८ डिसेंबर २००४ रोजी समक्ष दिलेली तोंडी समज.

महोदया,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा राजुरी गावचा कायमचा रहिवासी असून कालव्याच्या पाण्यावर त्याची बागायत आहे. अर्जदार चौथी शिकलेला आहे. तो सही करतो, सावकाश वाचतो, परंतु कचेरीला लिहावे एवढे त्यास येत नाही. सबब हा अर्ज त्याच्या सांगण्यावरून गावातील निवृत्त प्राथमिक शिक्षक हौशीराम याने लिहिला आहे. संदर्भ क्र. १ चा अर्जही याच हाताने लिहिलेला होता, हे प्रथमच नमूद करणे भाग आहे.

२. सदर १९९६ च्या अर्जात अर्जदाराने आपल्या केंद्रास असे कळविले होते की, ‘माझी मुलगी अश्विनी हिची आपल्याकडे निवड झाली आहे, परंतु ती लहानपणापासून भित्री आहे. रक्त पाहिल्यास तिला भोवळ येते. घाणीची किळस येते. कोणी वावगा शब्द बोलल्यास ती रडते. परिचारिकेस आवश्यक असलेले धैर्य, सोशिकता व सेवाभाव हे गुण तिच्या ठायी नाहीत. तरी तिचा प्रवेश रद्द करून तिला पालकांच्या स्वाधीन करावे.’ हा मजकूर पत्नी ठकूबाई हिच्या नकळत देण्यात आला होता.

३. अर्जदाराने त्या दिवशी हौशीराम गुरुजींच्या ओट्यावर बसून प्रत्यक्षात एवढेच सांगितले होते, “गुरुजी, आपल्या घरात असलं काम चालायचं न्हाई. काय लिव्हायचं ते लिव्हा, पन पोरगी माघारी आली पायजे.” धैर्य, सोशिकता, सेवाभाव हे शब्द लिहिणाऱ्याचे आहेत. लिहिणाऱ्याने अश्विनीस दुसरी ते चौथी शिकविले होते. शाळेच्या पटांगणात एका मुलीच्या पायात काच घुसली तेव्हा अश्विनी पांढरीफटक पडून खाली बसली होती, हे त्याच्या ध्यानात होते. तेवढ्या भांडवलावर त्याने तो परिच्छेद रचला आणि कागद चांगला झाला म्हणून त्या दिवशी त्याला समाधानही वाटले होते.

४. अर्जदाराचा विरोध कशामुळे होता, हे त्याने पूर्वीच्या अर्जात सांगितले नव्हते. ते आता सांगणे आवश्यक आहे. सन १९८४ मध्ये अर्जदाराचे वडील आजारी असता त्यांना शहरातील एका रुग्णालयात ठेवले होते. अर्जदार तेथे पंधरा दिवस राहिला. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर रुग्णांचे नातेवाईक बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सिस्टरांविषयी नाही नाही ते बोलत. त्यांची चाल, त्यांचे कपडे, त्या घरी कधी जातात, कोणाबरोबर जातात. अर्जदाराने ते सर्व ऐकले. ऐकून तोही हसला. एवढेच नव्हे तर त्यात एक-दोन वाक्यांची त्याने स्वतःहून भर घातली. ज्या सिस्टरविषयी ती वाक्ये होती तिनेच आत त्याच्या वडिलांची पाठ धुऊन पावडर लावली होती. बारा वर्षांनी आपली मुलगी तो पांढरा पोशाख घालणार म्हटल्यावर अर्जदारास ते बाकडे आठवले. आपण जसे हसलो तसे आता दुसरे हसणार, हे त्याला सहन झाले नाही. परंतु “मी हसलो व्हतो” असे कोणता बाप लिहून देईल? म्हणून दोष मुलीवर ठेवण्यात आला.

५. आपल्या केंद्राने प्रवेश रद्द केला नाही. मुलगी सज्ञान होती. तेव्हा अर्जदाराने घरात सांगून टाकले, “तिचं नाव माज्यापुढं काडू नका.”

यापुढील हकिगतीस अनुक्रमांक देता आलेले नाहीत, याबद्दल क्षमा असावी. ती ज्या ओघाने सांगितली गेली त्याच ओघाने लिहिली आहे.

अश्विनी दर दिवाळीस दोन दिवसांची रजा काढून राजुरीस येत असे. ती येणार त्या दिवशी अर्जदार सकाळीच मळ्यात जाई आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीत मुक्काम टाकी. द्राक्षांची छाटणी आहे, पाण्याची पाळी आहे, कारण काहीही निघे. ती आईजवळ दोन दिवस राही. जाताना मळ्याच्या वाटेवरून फाट्याकडे जाई आणि बांधाशी जरा थांबे. अर्जदार खोलीच्या दारातून पाही. ती हाक मारीत नसे. तोही बाहेर येत नसे. मग ती पिशवी खांद्यावर घेऊन आळेफाट्याच्या रस्त्याला लागे. अशा आठ दिवाळ्या गेल्या. ठकूबाईने एकदा न राहवून विचारले, “दोन सबुद बोलाया काय जातंय तुमचं?” अर्जदार ताटावरून उठून मळ्याकडे गेला.

दरम्यान अश्विनीचे आपल्या केंद्रातील शिक्षण पूर्ण झाले. सन १९९९ पासून ती आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडील डोंगरात एका आरोग्य उपकेंद्रात नेमणुकीस होती. पाच वाड्या तिच्याकडे होत्या. कोणतीही वाडी तासाभराच्या चालीशिवाय नव्हती. हे अर्जदारास ठकूबाईकडून तुटक तुटक कळत असे. ठकूबाई ते चुलीशी बसून मोठ्याने भिंतीला सांगे आणि अर्जदार जेवता जेवता ऐकून घेई.

सन २००३ च्या नोव्हेंबरात अर्जदार बेल्ह्याच्या बाजारात खोंड घेण्यासाठी गेला होता. सौदा ठरताना त्याने आपले नाव-गाव सांगितले. शेजारी डोंगराकडचा एक मनुष्य उभा होता. अंगात बंडी, हातात काठी, वय तिशीच्या आसपास. तो पुढे आला आणि म्हणाला, “पावणं, राजुरीचं गुंजाळ म्हंजी तुमी आमच्या अश्विनी शिष्टरचं कोन?”

अर्जदार खोंडाचे दात पाहू लागला. मागे उभा असलेला राजुरीचाच एक शेतकरी म्हणाला, “आरं, वडील हायेत तिचं.”

त्या माणसाने भर बाजारात, शेणामातीत वाकून अर्जदाराच्या पायांवर डोके ठेवले. त्याचे नाव भागू. त्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत देत आहे. त्याचा अंगठा असलेला जबाब सोबत जोडला आहे.

“माजी बायकू सोनीबाई. भातलावनीच्या दिवसात तिचं पोट दुकाया लागलं. शिष्टर चिखुल तुडवत आली, गुडघ्यापातूर भरली व्हती. पोरगं झालं तं रडंना. निळं पडलं व्हतं. शिष्टरनी नळी तोंडात धरली आन त्याच्या घशातलं सारं वडून काडलं, आपल्या तोंडानं. पाठ चोळली. मंग रडलं. आमाला वाटलं सुटलो. तं बायकूचं रगात थांबंना. झोळी केली, चौघांनी उचालली, खाली रस्त्याला जीप मिळाली. शिष्टर जीपमदी तिच्या पोटावर हात दाबून बसली. दीड तास, राव. रस्ता तुमाला म्हाईत हाय का आमचा? समद्यांची टकुरी टपाला आपटत व्हती, पन तिचा हात हालला न्हाई. मी म्हनलं, शिष्टर, जरा मी धरू का? तं म्हनली, न्हाई, हात बदलला तं पिशवी परत ढिली पडंल. दवाखान्यात गेल्यावर तिचा हात लाकडावानी झाला व्हता, बोटं सरळ व्हईनात. तितल्या डॉक्टरनी सांगितलं, हिनं हात काडला आसता तं तुजी बायकू वाटंतच गेली आसती.”

एवढे बोलून भागू म्हणाला, “लई भ्यायली व्हती बरं का ती. दातावर दात वाजत व्हतं तिचं. पन हात न्हाई काडला.”

अर्जदाराने त्या दिवशी खोंड घेतला नाही.

त्यानंतर डिसेंबरात अर्जदार एस.टी. ने घोडेगावास व तेथून जीपने उपकेंद्राच्या गावी गेला. घरी नारायणगावला जातो म्हणून सांगितले होते. उपकेंद्रासमोर चहाची टपरी होती, तिच्यात तो बसला. त्या दिवशी लहान मुलांना सुया टोचण्याचा वार होता. ओट्यावर पंधरा-वीस बाया पोरे घेऊन बसल्या होत्या. अश्विनी प्रत्येकीच्या पोराचे नाव घेऊन बोलत होती. एक म्हातारी पायाची जखम घेऊन आली. जखमेचा वास टपरीपर्यंत येत होता आणि टपरीवाल्याने नाकाला उपरणे लावले. अश्विनीने खाली बसून म्हातारीचा पाय आपल्या मांडीवर घेतला. जखम धुताना ती म्हातारीशी तिच्या शेळीविषयी बोलत होती. म्हातारी हसत होती. अर्जदाराने दोन कप चहा घेतला आणि तो उठला. रस्ता ओलांडायचा एवढेच राहिले होते. वीस पावले. तो खाली जीपकडे गेला.

फेब्रुवारीत तो पुन्हा गेला. या खेपेस रस्ताही ओलांडला. दाराला कुलूप होते. शेजारणीने सांगितले, “शिष्टर वाडीवर गेल्यात, दिस कलल्यावर येत्याल. बसा की, कोन आलंय म्हून सांगू?” अर्जदार म्हणाला, “कुनी न्हाई. परत येईन.”

तो परत गेला नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. कांद्याची काढणी होती. येत्या दिवाळीस मळ्यात जायचे नाही, घरीच थांबायचे, असे त्याने मनाशी ठरविले होते. ठकूबाईसही त्याने हे सांगितले नव्हते.

सन २००४ च्या ऑक्टोबरात उपकेंद्राकडून निरोप आला की, सिस्टरला कावीळ झाली असून ती वाढली आहे, पुण्यास मोठ्या रुग्णालयात नेले आहे. अर्जदार व ठकूबाई त्याच दिवशी गेले. डॉक्टरांनी सांगितले की, ही रक्तातून येणारी कावीळ आहे. बाळंतिणीचा टाका घालताना, किंवा कोणाला सुई देताना, केव्हातरी तीच सुई हिच्या बोटात गेली असावी. कोणती सुई, कोणत्या झोपडीत, हे अश्विनीस सांगता आले नाही. डॉक्टरांनी फार विचारले तेव्हा ती म्हणाली, “अंधाऱ्या घरात टाके घातलेत सर मी. टोचलं की धुवायचं आणि पुढचं काम. नावं कुठं लिहून ठेवणार? आणि ठेवायची तरी कशाला? त्या बाईला उगाच बोल लागेल.”

अर्जदार खाटेजवळ उभा राहिला. आठ वर्षांनी समोरासमोर. वडिलांना ती दादा म्हणत असे. तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. ती म्हणाली, “दादा, उभे का? बसा. आधी तिकडं साबणानं हात धुवा, मग बसा.”

पहिले वाक्य हे झाले. अर्जदाराने जाऊन हात धुतले.

ठकूबाईस दम्याचा त्रास असल्याने वॉर्डात दिवसभर राहणे जमेना. म्हणून एकोणीस दिवस अर्जदारच मुलीजवळ राहिला. तेथील सिस्टर आपले काम चोख करीत, परंतु खाटा पुष्कळ आणि त्या दोघीच. बाकीचे नातेवाइकाने करावयाचे. अर्जदाराने जन्मात स्वतःचे जेवलेले ताट उचलले नव्हते. पहिल्या दिवशी अश्विनीस उलटी झाली तेव्हा तो भांडे घेऊन नुसता उभा राहिला. तीच म्हणाली, “भांडं हनुवटीखाली. दुसरा हात कपाळाला लावा. हां, तसा.” मग एकेक गोष्ट ती शिकवीत गेली. अंग पुसताना घासायचे नाही, टिपायचे. कुशीवर वळवताना आधी पलीकडचा गुडघा मोडून घ्यायचा, मग एक हात कंबरेला आणि एक खांद्याला, म्हणजे माणसाला ओढल्यासारखे वाटत नाही. पांघरूण एकदम काढायचे नाही, जेवढे पुसायचे तेवढेच उघडे करायचे. “मानूस आजारी आसला तरी लाजतो, दादा. त्याची लाज आपन राखायची.” कातडी खाजून सोलवटू लागली तेव्हा नखे कापायला सांगितली, तीही कशी कापायची ते सांगून. अर्जदाराची बोटे जाड आहेत, खुरप्याची आहेत. तिने आपला हात त्याच्या हातात सोडून दिला आणि डोळे मिटले.

आठव्या-नवव्या दिवशी दुपारी अर्जदार खाटेखालचे भांडे धुऊन आला. अश्विनी त्याच्याकडे पाहत होती. ती म्हणाली, “दादा, किळस येती का?”

अर्जदार म्हणाला, “न्हाई.”

“खरं सांगा.”

अर्जदार म्हणाला, “पैल्या दिशी आली. आता न्हाई.”

तेव्हा ती हसली. म्हणाली, “माझंबी तसंच झालं. तुमी लिव्हलं व्हतं ना, हिला किळस येते, रक्त बघून भोवळ येते. मॅडमनी मला कागद दाखवला. मी म्हनलं, खरंय मॅडम. पैल्या महिन्यात तीनदा पडले मी वॉर्डात. एकदा तं पेशंटनीच मला पानी पाजलं.”

अर्जदाराचा चेहरा पाहून ती थांबली. मग म्हणाली, “तुमी खोटं न्हवतं लिव्हलं. ते गुन माज्यात न्हवतेच. कुनातबी आदी नसत्यात, दादा. रोज सकाळी उठून आनावं लागत्यात. काई दिशी येत न्हाईत, तरी आलेत आसं समजून काम करायचं.”

आठ वर्षे ज्या कागदाची गोष्ट तिच्यापर्यंत पोहोचली नसेल असे अर्जदारास वाटत होते, तो कागद तिने पहिल्याच महिन्यात वाचला होता. तरी दर दिवाळीस ती बांधाशी येऊन उभी राहत होती. अर्जदाराने त्या वेळी तिची क्षमा मागावयास हवी होती. त्याने पाण्याचा पेला पुढे केला.

तो बेल्ह्याच्या बाजाराविषयी बोलला. टपरीत बसून आलो, हेही बोलला.  अश्विनी एवढेच म्हणाली, “तिथला चहा लई गोड आसतो. तुमाला आवडला आसंल.” आणि भिंतीकडे तोंड करून घेतले.

पंधराव्या दिवसापासून तिची शुद्ध हरपू लागली. वेळ कळेना, माणूस ओळखेना. परंतु अर्जदार जवळ बसला की ती त्याचे मनगट धरी, तीन बोटे नाडीवर ठेवी आणि डोळे मिटून ओठांत मोजी. मोजून झाले की म्हणे, “बरोबर हाय. काळजी नका करू, मामा.” तिला तो तिच्या वाडीवरचा कोणी रुग्ण वाटत असावा. अर्जदाराने “मी तुजा बाप हाय” असे एकदाही म्हटले नाही. तिचे मोजणे पुरे होईपर्यंत तो हात तसाच धरून ठेवी. वॉर्डातील सिस्टरनी सांगितले होते की ओठ कोरडे पडू देऊ नका. तो कापसाचा बोळा भिजवून ओठांवरून फिरवीत राही.

दि. २५ ऑक्टोबर २००४ रोजी सकाळी साडेनऊ वाजता, अर्जदार तिला कुशीवर वळवीत असता, तिचा श्वास थांबला. एक हात कंबरेला आणि एक खांद्याला असा तो बराच वेळ उभा होता. वॉर्डातील सिस्टर आल्या. पुढचे आम्ही करतो, तुम्ही बाहेर बसा, म्हणाल्या. अर्जदार म्हणाला, “मला येतंय.” त्याने कोमट पाणी मागवून घेतले आणि मुलीचे अंग टिपून काढले, जेवढे पुसायचे तेवढेच उघडे करून. सिस्टर शेजारी उभ्या राहून कापड पिळून देत होत्या.

राजुरीस नेल्यावर डोंगराकडून दोन जीपा भरून माणसे आली. सोनीबाई आपला मुलगा कडेवर घेऊन आली होती. गावाला त्या दिवशी कळले की गुंजाळांची मुलगी काय काम करीत होती.

यानंतर अर्जदारास एकच गोष्ट खाऊ लागली. अश्विनी गेली, तिची नोकरी संपली, परंतु आपल्या केंद्राच्या कपाटात तिची फाईल राहणार आणि तिच्यात, हिच्या अंगी धैर्य नाही, सोशिकता नाही, सेवाभाव नाही, असा बापाच्या सहीचा कागद राहणार. म्हणून दि. २८ डिसेंबर रोजी अर्जदार लिहिणाऱ्यास सोबत घेऊन आपल्या कार्यालयात आला. लिपिकांनी सौजन्याने फाईल शोधून काढली. कागद होता. समासात लाल शाईने त्या वेळच्या प्राचार्यांचा शेरा होता : ‘विद्यार्थिनी सज्ञान आहे. तिचे लेखी म्हणणे मागील बाजूस घेतले. दप्तरी दाखल.’

लिपिकांनी कागद उलटा केला. मागे अश्विनीच्या अक्षरात पाच ओळी होत्या. अर्जदाराचे डोळे भरल्याने त्या लिहिणाऱ्याने वाचून दाखविल्या. त्या अशा :

‘वडिलांनी लिहिलेले खरे आहे. मला भीती वाटते व किळस येते. मी शिकेन. मला सहा महिने द्यावेत, नाही जमले तर मी स्वतः घरी जाईन. हा कागद मी पाहिला असे कृपया वडिलांना कळवू नये, त्यांना वाईट वाटेल.’

लिहिणाऱ्याने पस्तीस वर्षे मुलांना शुद्धलेखन शिकविले. त्याला या पाच ओळींत एकही चूक सापडली नाही आणि त्याच्या स्वतःच्या त्या घोटीव परिच्छेदात, पानाच्या पुढल्या बाजूला, एकही खरा शब्द सापडला नाही.

लिपिकांनी समज दिली की, आवक क्रमांक पडलेला कागद कार्यालयाबाहेर देता येत नाही, रीतसर अर्ज करावा. त्याप्रमाणे हा अर्ज करीत आहे. अर्जदार केंद्रात आला तेव्हा तो कागद नेऊन जाळून टाकावा या विचाराने आला होता. आता तो विचार त्याने सोडला आहे. ते पान एकच आहे, पुढे बाप आणि मागे मुलगी. एक फाडून दुसरे ठेवता येत नाही.

तरी अर्जदाराची विनंती अशी की, शक्य असल्यास तो मूळ कागद त्यास द्यावा. तो जपून ठेवील, असे तो लिहून देण्यास तयार आहे.

नियमाने देता येत नसल्यास हा अर्ज त्या कागदाच्या वर लावून ठेवावा, म्हणजे पुढेमागे कोणी फाईल उघडली तर त्याने हा आधी वाचावा. आणि आपल्या केंद्रात दरवर्षी ज्या नवीन मुली येतात, त्यांतील कोणी पहिल्या महिन्यात भोवळ येऊन पडली, रडली, घरी जाते म्हणाली, तर तिला या फाईलमधील मागची बाजू वाचावयास द्यावी. पुढची दिली नाही तरी चालेल. दिली तरी अर्जदाराची हरकत नाही.

यांपैकी काहीच होण्यासारखे नसेल तर निदान एक दिवस नेमून द्यावा. अर्जदाराची पत्नी ठकूबाई हिला लिहिता-वाचता येत नाही. अश्विनी घरी कधी पत्र पाठवीत नसे, कारण ते वाचून दाखविणारा घरात एकच मनुष्य होता आणि तो ते वाचणार नाही हे तिला माहीत होते. त्यामुळे मुलगी घराबाहेर पडल्यापासून तिच्या हातचे अक्षर ठकूबाईने पाहिलेले नाही. ती येईल, आपल्या कार्यालयात सांगाल तेथे बसेल, कागदाला हात लावू नको म्हटले तर लावणार नाही. तिला ते नुसते पाहावयाचे आहे. वाचून दाखविण्यासाठी अर्जदार सोबत येईल.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

(सही) कुंडलिक बहिरू गुंजाळ
राजुरी, दि. १७ जानेवारी २००५

लिहून देणार : (सही) हौशीराम, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राजुरी

सोबत :
१) कै. कु. अश्विनी हिच्या मृत्यूच्या दाखल्याची सत्यप्रत.
२) आपल्या केंद्राने तिला दिलेल्या प्रमाणपत्राची सत्यप्रत.
३) भागू, राहणार डिंभे धरणापलीकडील वाडी, ता. आंबेगाव, याचा जबाब, अंगठ्यासह. त्याच कागदावर सोनीबाई हिचाही अंगठा आहे. तो मागितलेला नव्हता, तिने आपण होऊन दिला.